तीन हडपसरच्या आत

मला आयुष्यात एकाच बाईचा मनापासून हेवा वाटला. ती माझ्यापेक्षा देखणी नव्हती, श्रीमंत नव्हती, माझ्याइतकी शिकलेलीही नव्हती. हेवा वाटला तो तिच्या हातांचा. ते नाजूक, गोरेपान असते तर निदान चारचौघींत सांगता आलं असतं. ते होते रुंद, खरखरीत, जंतुनाशकं लावून लावून पांढुरके पडलेले. पण त्या हातांना जे कळायचं ते मला कळत नव्हतं, आणि मी तर सुवर्णपदकवाली होते.

परवा माझी नात ईरा आली. ती भूलशास्त्रात एमडी करते, म्हणजे आजीच्याच वाटेनं निघाली आहे. सोफ्यावर मांडी ठोकून मला शिकवायला लागली, "आजी, खूप रक्त गेलेल्या पेशंटमध्ये आता नुसत्या बीपीवर जात नाहीत, माहितीये? बोटाचं नख दाबायचं, सोडायचं, आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रक्त टोकापर्यंत पोचतंय की नाही ते कळतं. किती सिंपल ना?"

"नवीन का हे?" मी विचारलं.

"म्हणजे जुनंच, पण आता पुन्हा महत्त्व आलंय."

मी चहाचा कप तोंडाला लावला आणि मनातल्या मनात जळले. एवढ्या वर्षांनंतरही. कारण मला ताबडतोब शमीम सिस्टर आठवली.

शमीम सिस्टर आमच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाची मुख्य परिचारिका. मी तिथे भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर, ती चाळिशीची. पांढरी साडी, तिच्यावर निळा स्वेटर. हा स्वेटर बारा महिने. बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटत असलं तरी आमच्या विभागात एसी असायचा, म्हणून स्वेटर. माहेर हडपसरचं, सासर कॅम्पात, शिक्षण मराठी शाळेत. मराठी इतकं चोख आणि इतकं कोरडं बोलायची की नवे डॉक्टर आधी हसायचे आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात यायचं की बाई आपल्यालाच बोलली.

तिची एक खोड होती. ती पेशंटच्या चेहऱ्याकडे आधी बघायचीच नाही. खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची, चादर वर सरकवायची, हाताची मागची बाजू पावलाला लावायची, मग घोट्याला, मग नडगीला, मग गुडघ्याला. मग अंगठ्याचं नख दाबायचं, सोडायचं, आणि पुटपुटायचं, "एक हडपसर, दोन हडपसर, तीन हडपसर." एवढं म्हणायला बरोब्बर एकेक सेकंद लागतो, घड्याळ बघायला नको, असं तिचं म्हणणं. नखाचा गुलाबी रंग तीन हडपसरच्या आत परत आला तर ठीक. पुढे गेला तर ती डॉक्टरांना हाक मारायची. शिकाऊ नर्सेस तिच्या तोंडून हे शिकल्या आणि पुढे जिथे जिथे गेल्या तिथे तिथे हडपसर घेऊन गेल्या. नागपूरच्या एका रुग्णालयात मी स्वतःच्या कानांनी "चार हडपसर" ऐकलं आहे.

दुसरी खोड बॉलपेनची. पाय जिथून गार लागायला सुरुवात होते तिथे ती पेशंटच्या नडगीवर चक्क रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. रक्त, सलाईन चढत गेलं आणि माणूस सावरत असला की गारवा खाली सरकायचा. मग नवी रेघ, नवी वेळ. अकराची रेघ गुडघ्याखाली, बाराची पोटरीच्या मध्यावर, एकची घोट्याशी. सगळा तक्ता पायावरच. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या पायावरची रेघ बघितली आणि ते दारातच बसले. "सिस्टर, इथून कापणार का हो?"

"नाही काका. रक्त इथपर्यंत आलंय, पुढे निघालंय."

"पोचेल ना?"

"आत्ता तरी वाटेत कुठे थांबलेलं नाही," शमीम सिस्टर म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

यात विद्या अशी काही गुप्त नव्हती. आपल्या घरी पाणी कमी आलं की आपण आधी बागेचा पाइप बंद करतो, मग गाडी धुणं, आणि स्वयंपाकघरातला नळ शेवटपर्यंत चालू ठेवतो. रक्त जायला लागलं की शरीर हेच करतं. हातपाय, कातडी यांचं आधी तोडतं आणि हृदय, मेंदू यांना पुरवत राहतं. आणि बीपी म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. त्याला धार आहे म्हणून टाकी भरलेली आहे असं नव्हे. तरुण माणसात तर ही धार फार वेळ टिकते आणि मग एकदम जाते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. गुणही पडले होते. पण खाटेशी उभी राहिले की माझे डोळे यंत्रावरच्या हिरव्या आकड्याकडे जायचे. शमीम सिस्टरला मी एकदा म्हटलं, "सिस्टर, आकडा चांगला आहे की."

"आकडा यंत्राचा आहे, मॅडम. पाय बाईंचे आहेत."

आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, सकाळच्या राउंडला आले की पहिला प्रश्न मला नाही, तिला विचारायचे. "काय शमीम, पाय काय म्हणतात?" ती दोन वाक्यांत सांगायची. मग सर माझ्याकडे वळायचे, "हं, आता तुम्ही बोला." मी तीन पानी टिपण वाचून दाखवायची. शिकाऊ डॉक्टर तोवर जांभया द्यायला मोकळे.

तेव्हाच्या त्या डॉक्टरीणबाईंचं, म्हणजे माझं, काय वर्णन करावं! कडक स्टार्चचा एप्रन, नाकावर चष्मा, आणि पोटात सतत पेटलेली शेगडी. मी ठरवलं की ही विद्या आपण गुपचूप शिकायची. रविवारी दुपारी नवरा जेवून आडवा झाला की मी त्याच्या अंगठ्याचं नख दाबून मोजायची. "अगं, मी जिवंत आहे," तो डोळे न उघडता म्हणायचा. एकदा मी त्याच्या नडगीवर पेनानं रेघही मारली. सोमवारी तो अर्ध्या चड्डीत बॅडमिंटनला गेला आणि मित्रांनी त्याला काय काय विचारलं ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही.

अशी दहाबारा वर्षं गेली. शिकण्यानं भागेना म्हणून मी यंत्र आणलं. एका कंपनीचा प्रतिनिधी कातडीतलं रक्ताभिसरण मोजणारं उपकरण घेऊन फिरत होता. पायाच्या बोटाला चिमटा लावायचा, पडद्यावर रक्ताच्या प्रवाहाची लाट दिसते. मी सरांच्या मागे लागून ते आठ दिवस चाचणीसाठी ठेवून घेतलं. बघू या आता लाट काय म्हणते आणि हडपसर काय म्हणतं! पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर मी ते एका पेशंटला लावलं. तो खाटेवर बसून पोहे खात होता. यंत्र म्हणालं, रक्तप्रवाह जवळपास शून्य. दुसऱ्याला लावलं. शून्य. प्रतिनिधी घामाघूम. मी वायरी हलवून बघितल्या. शमीम सिस्टर पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "चिमट्यावर तुम्ही चिकटपट्टी आवळलीय, मॅडम. बोटात रक्त जाणार कुठून?"

पट्टी सैल केली. लाट आली. पोहेवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

त्या हाताच्या घडीवर माझा फार राग होता. बाई राउंडभर दोन्ही हात काखेत खुपसून उभी. आम्ही काम करतोय आणि ही जणू नाटक बघायला आलेली. त्या दिवशी मी सरळ मेट्रनच्या खोलीत गेले आणि तक्रार केली की वरिष्ठ डॉक्टरांपुढे सिस्टर हाताची घडी घालून उभ्या राहतात, शिस्तीला धरून नाही. लेखी दिली. दोन प्रतींत. दुसऱ्या दिवसापासून शमीम सिस्टर हात खाली सोडून उभी राहायला लागली, आणि राउंड संपला की स्वेटरच्या उलट्या बाह्यांत हात घालून बसायची. मला गड जिंकल्यासारखं वाटलं. मूर्ख बाई.

मग कल्पना आली.

कात्रजची, बावीस वर्षांची. पहिलं बाळंतपण. बाळ छान, मुलगी, पण आईचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिथल्या प्रसूतिगृहातून आमच्याकडे पाठवलेली. शस्त्रक्रिया झाली, बाहेरचा रक्तस्राव थांबला, चार बाटल्या रक्त चढलं आणि सकाळी ती आमच्या विभागात आली. सर पुण्यातच एका बैठकीला गेले होते, तीनपर्यंत येणार होते. तोवर विभाग माझ्या हातात. दुपारी खालून फोन आला की घाटातल्या अपघाताचा एक पेशंट आलाय, मांडीचं हाड मोडलंय, तब्येत तशी स्थिर आहे, खाट हवी.

मी नुकतीच शस्त्रक्रियागृहातून बाहेर आले होते. तीन तास तिथल्या गारठ्यात, वर थंड पाण्यानं हात धुतलेले. कल्पनाचा आकडा बघितला. बीपी एकशे दहा. नाडी जरा जलद. पण ओली बाळंतीण, एवढं चालायचंच. "हिला वॉर्डात हलवू या," मी म्हटलं.

"पाय गार आहेत, मॅडम," शमीम सिस्टर म्हणाली. "सकाळी रेघ घोट्याशी होती. आता वर चाललीय. नख पाच हडपसर. गुडघ्यावर निळसर डागांची जाळी दिसायला लागलीय."

भोवती सहा शिकाऊ डॉक्टर. सहाही जणांनी माझ्याकडे नाही, कल्पनाच्या पायांकडे बघितलं. त्या क्षणी मला कल्पना दिसलीच नाही, हे आज कबूल करते. मला फक्त शमीम दिसली. मी पुढे झाले, तिच्यासारखीच हाताची मागची बाजू पावलाला लावली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, आणि म्हटलं, "चांगले उबदार आहेत."

आणि खरंच सांगते, मला ते उबदार लागले.

एवढ्यावर थांबले नाही. स्पिरिटचा बोळा घेतला आणि नडगीवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. "पेशंटच्या अंगावर असल्या गिरगोट्या पुन्हा नकोत." फाइलमध्ये लिहिलं, 'हातपाय उबदार. वॉर्डात हलवावे.' सही केली आणि डबा खायला गेले. डब्यात भरली वांगी होती. इतकी वर्षं झाली, भरली वांगी म्हटलं की मला अजून कसंतरी होतं.

तासाभरानं परत आले तर कल्पना तिथेच. "अजून हलवलं नाही?"

"लिफ्टमन जेवायला गेलाय," शमीम सिस्टर म्हणाली.

मी आवाज चढवायला तोंड उघडलं आणि यंत्र वाजायला लागलं. एकशे दहाचे सत्तर, सत्तरचे पन्नास. पोट फुगलेलं. आत कुठेतरी रक्तवाहिनी सुटली होती आणि सगळं आतल्या आत साचत होतं. जिन्यात किंवा वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर हे झालं असतं तर मुलगी हाती लागली नसती. पण खाटेशी रक्ताच्या तीन बाटल्या तयार होत्या. कुणी मागवल्या ते मी विचारलं नाही. शस्त्रक्रियागृहातलं टेबल मोकळं ठेवलेलं होतं. कुणी ठेवायला लावलं तेही विचारलं नाही. शल्यविशारद पळत आले, आम्ही तिला आत घेतलं, पुन्हा पोट उघडलं. भूल मीच दिली. दीड तासानं रक्त थांबलं. बाहेर आणली तेव्हा सर दारात उभे. हातात फाइल, बोट माझ्या सहीवर.

"हिला वॉर्डात हलवायला लिहिलं होतंत?"

मी तोंडावरच्या मास्कची गाठ सोडायला लागले.

"मॅडमनी नंतर फोन करून थांबवायला सांगितलं, सर," शमीम सिस्टर म्हणाली. "रक्तही मागवून ठेवायला सांगितलं. लिहायचं राहिलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती. ती त्या दिवशी दिली. "लिहिलेली ऑर्डर बदलायला अक्कल लागते. शाब्बास."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी तिला एकटीला गाठून विचारलं, "मला उबदार कसे लागले हो?"

"तुमचे हात गारठ्यातून आले होते, मॅडम. गार हाताला बर्फगोळाच काय तो गार लागेल. हात आधी आपल्या अंगाइतके उबदार हवेत. म्हणून मी काखेत ठेवायचे." वर म्हणाली, "मेट्रननी बंद केलं. तक्रार कुणाची ते मी विचारलं नाही."

आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारायची गरजच नव्हती.

त्यानंतर मी बदलले असं सांगायला मला आवडेल. हात काखेत घालायला शिकले, हे खरं. रेघा मारायला लागले, हेही खरं. पण हेवा काही गेला नाही, उलट वाढला. आधी मी तिच्या हातांवर जळत होते, आता तिच्या मनावर जळायला लागले. एवढं मोठं मन या बाईनं आणलं कुठून? माझी लेखी तक्रार माहीत असताना मला वाचवावं? मला तिचा चांगुलपणा सहन व्हायचा नाही. ती निवृत्त झाली त्या समारंभात मी तिच्यावर भाषण केलं, शाल दिली, आणि कल्पनाचं नाव घेतलं नाही.

कल्पना मात्र मला सोडेना. दर दिवाळीला डबा घेऊन यायची. चिवडा, शंकरपाळे, करंज्या. मुलगी कडेवर होती ती हात धरून यायला लागली, मग स्कूटीवर आईला घेऊन यायला लागली. गेल्या दिवाळीत तिनं आपल्या लग्नाची पत्रिका दिली आणि वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळे मला आई मिळाली, मॅडम." सर केव्हाच गेले. आता मला खरं बोलायला भीती कुणाची होती? तरी मी "सुखी राहा" म्हणाले आणि करंजी खाल्ली.

ईरा नखाचं सांगून गेली त्या रात्री काही केल्या चैन पडेना. सकाळी पत्ता शोधला. शमीम सिस्टर कोंढव्यात मुलाकडे राहते हे कळलं. रिक्षा करून गेले. चौथा मजला. दार सुनेनं उघडलं. सिस्टर खिडकीशी खुर्चीत. ऐंशी उलटली, कान जरा कमी, पण पाठ ताठ. आणि तिच्या समोर जमिनीवर परात घेऊन मेथी निवडत बसलेली कल्पना.

"तू इथे?" मी म्हटलं.

"मी दर गुरुवारी असते की मॅडम हितं. आईंना मेथी निवडाया जमत न्हाई आता."

आईंना!

मी ठरवून आले होते, तेव्हा बसायच्या आधीच बोलून टाकलं. उभ्यानं. सगळं. तक्रार, रेघा, भरली वांगी, सरांची शाबासकी. शेवटी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही मोठ्या मनानं मला वाचवलंत आणि मी कधी तोंड उघडलं नाही."

शमीम सिस्टर सुनेला म्हणाली, "मॅडमना पाणी दे आधी." मग मला, "मोठ्या मनानं? मॅडम, डॉक्टरांची लेखी ऑर्डर मी मोडली होती. लिफ्टमन जेवायला गेला नव्हता, मीच त्याला पिटाळला होता. खरं सांगितलं असतं तर सर तुम्हाला रागावले असते. मला घरी बसवलं असतं. तीन मुलं होती. मी माझी नोकरी वाचवली. तुम्ही मधे होतात, एवढंच."

मी खुर्चीत बसले. एवढी वर्षं मी जिच्या मोठेपणावर जळले, तिला तो मोठेपणा नकोच होता. फुकट दिला तरी घेत नव्हती. आता मला तिच्या खरेपणाचाही हेवा वाटायला लागला.

राहिली कल्पना. तिच्याकडे वळून म्हटलं, "ऐकलंस ना? तुझा जीव यांनी वाचवला. मी तुला वॉर्डात धाडत होते."

ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. माझं डोळं मिटल्यालं हुतं, कान उघडं हुतं. तुम्ही म्हणालात उबदार हाईत, आई म्हणाल्या गार हाईत. आता मॅडम, पाय तर माझंच हुतं."

"मग दर दिवाळीला माझ्याकडे कशाला येत होतीस?"

कल्पनानं शमीम सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं खिडकीबाहेर बघितलं.

"आईच म्हणाल्या," कल्पना म्हणाली. "मॅडमकडं बी जात जा. त्यांना बरं वाटतं."

चहा झाला. लग्नाच्या साड्या बघून झाल्या. सिस्टरनं मला नात काय शिकते, गुडघे काय म्हणतात, हे सगळं विचारलं, मागच्या गोष्टीचा पुन्हा शब्द नाही. निघाले तेव्हा दोघी लिफ्टपर्यंत आल्या. जाळीचं दार कल्पनानं ओढून लावलं. लिफ्ट खाली सरकायला लागली तशा त्या मला जाळीतून दिसल्या. सिस्टरनं कल्पनाच्या खांद्यावर हात टाकला होता, तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आली तरी वरून हसणं ऐकू येत होतं. रिक्षात बसेपर्यंत मी एकच मनात म्हणत होते, की हसत असतील तर निदान मलाच हसत असू देत.